गमरे सरांची बॅटरी उतरली

अरविंद गमरे पोलादपूरच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतात. त्याला आता बावीस वर्षं झाली. विद्युतधारेचा धडा त्यांनी इतक्यांदा शिकवलाय की झोपेतून उठवून विचारलं तरी ते ओहमचा नियम उदाहरणासकट सांगतील. ते राहतात त्या पिंपळकोंड वाडीत कुणाचा मिक्सर बंद पडला किंवा कुणाकडे ट्यूब लागेना, की लोक आधी सरांना विचारतात आणि मग वायरमनला बोलावतात. दोघांना का बोलवावं लागतं, याचा विचार सरांनी पुष्कळ वर्षं केला नव्हता.

अशा माणसाच्या मोटरसायकलची बॅटरी उतरावी, तीही बायकोच्या परीक्षेच्या सकाळी, हे कुणाच्याही नशिबी येऊ शकतं. पण बायकोने महिनाभर आधी सांगून ठेवलेलं असताना उतरावी, त्याला सरांसारखाच माणूस लागतो. हे वाक्य सरांचं स्वतःचं आहे. हल्ली ते हा किस्सा इथूनच सुरू करतात.

मंजुळाने एप्रिलमध्येच म्हटलं होतं, "अहो, गाडी सुरू करताना आवाज दमल्यासारखा येतो. बॅटरी बघून घ्या एकदा."

"बॅटरी म्हणजे काय माणूस आहे का दमायला?" सर म्हणाले. "आत शिसं असतं, आम्ल असतं. रासायनिक क्रिया असते ती." मग त्यांनी ती क्रिया दहा मिनिटं समजावून सांगितली. मंजुळा भाकऱ्या करत होती. तिने शेवटची भाकरी तव्यावरून काढली आणि म्हणाली, "तेच म्हणते मी. बघून घ्या."

बॅटरीची माहिती सांगून झाल्यामुळे बॅटरीचं काम झालं, असं सरांना वाटलं असावं. कारण त्यानंतर त्यांनी काही केलं नाही.

मंजुळा अंगणवाडी सेविका. दहावी झाल्या झाल्या घरात बसावं लागलं, मग लग्न, मग मुलगी दीक्षा. दीक्षा नर्सिंग शिकायला पनवेलला गेली तेव्हा मंजुळाने मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरला आणि मराठी घेऊन बी. ए. करायला लागली. वय चव्वेचाळीस. एकच पेपर राहिला होता. तो खरं तर गेल्या वर्षीच व्हायचा. पण वेळापत्रक वाचण्याचं काम सरांनी आपल्याकडे घेतलं होतं, आणि त्यांनी सोळा तारीख एकोणीस अशी वाचली. कपाटाच्या दारावर लाल शाईत 'एकोणीस' लिहिलेला कागद त्यांनीच चिकटवला. एकोणीसला दोघं महाडला पोचले तेव्हा कॉलेजला कुलूप होतं. मंजुळा त्या दिवशी काही बोलली नाही. येताना तिने महाडच्या बाजारातून लसूण घेतला, एवढंच सरांना आठवतं.

म्हणून या वर्षी सरांनी चंगच बांधला होता. तारीख तिघांकडून तपासून घेतली. हॉल तिकीट आदल्या दिवशीच स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवलं, म्हणजे हरवायला नको. मंजुळा म्हणाली, "आठच्या एसटीने जाते मी. आरामात पोचेन." सर म्हणाले, "घरची गाडी असताना एसटी कशाला? साडेनऊला निघू. अकराचा पेपर आहे."

साडेनऊला मंजुळा पिशवी घेऊन, हेल्मेट घालून अंगणात उभी राहिली. सरांनी चावी फिरवली, बटण दाबलं. टक्. पुन्हा दाबलं. टक्, टक्. समोरचा दिवा पिवळट मिणमिणला. सरांनी बटण आणखी दहाबारा वेळा दाबलं. दर वेळी दिवा थोडा थोडा बारीक होत गेला. वर्गात असं कुणी केलं असतं तर सर म्हणाले असते, अरे, आहे तो करंट पण संपवशील. पण अंगठा स्वतःचा असला की माणसाला शास्त्र आठवत नाही.

समोरच्या ओट्यावर दत्ताराम बसले होते. सत्तरीचे शेतकरी, सरांच्या वडिलांचे दोस्त. ते म्हणाले, "किक मारा ना, सर."

"या गाडीला किक नाही, काका."

"किक नाय? मग घेतलीत कशाला?"

याला उत्तर होतं. गाडी घेताना सरांनी सगळ्या वाडीला सांगितलं होतं की किक आता जुनी झाली, पुढारलेल्या देशांत कुणी किक मारत नाही. पण ते आता पुन्हा सांगण्यात अर्थ नव्हता.

दुसरी गाडी मिळण्यासारखी नव्हती. मे महिना, लग्नाचा दिवस. वाडीतल्या दोन्ही रिक्षा आणि एकुलता एक टेम्पो वरच्या वाडीच्या वरातीला गेलेले. कशेडीचा बोगदा सुरू झाल्यापासून मोठी वाहतूक सगळी तिकडून जाते, वाडीखालच्या जुन्या घाटरस्त्याला चिटपाखरू फिरकत नाही. मंजुळाने घड्याळाकडे बघितलं नाही. पण ती बघत नाहीये हे सरांना दिसलं.

"धक्का देऊन सुरू करू," सर म्हणाले. "साधी गोष्ट आहे. चाक फिरलं की इंजिन फिरतं."

"दुसऱ्या गियरला टाका," मंजुळा म्हणाली.

"पहिल्या. पहिल्या गियरला ताकद सगळ्यात जास्त."

"म्हणूनच म्हणते. पहिल्याला चाक धरून ठेवतं."

"मंजुळा, हा गियर रेशोचा विषय आहे," सर म्हणाले आणि गाडीवर बसले. मागून दत्ताराम आणि मंजुळाने धक्का दिला. गाडीने वेग घेतला. सरांनी क्लच सोडला. मागचं चाक जागच्या जागी रुतल्यासारखं झालं, घसरलं आणि गाडी थांबली. सर टाकीवर आपटले. दत्ताराम सरांवर आपटले. मंजुळाने हात आधीच काढून घेतले होते.

"धरलं वाटतं चाक," दत्ताराम छाती चोळत म्हणाले.

सरांनी गाडी दुसऱ्या गियरला टाकली. टाकताना, हे आपण आधीच ठरवलं होतं, असा चेहरा केला. आणि आता सगळं एकदा नीट तपासून घ्यावं म्हणून पेट्रोलचा कॉक बघितला, चावी बघितली, उजव्या हाताजवळचं लाल बटणही खालीवर करून बघितलं. मग वाडीच्या उतारावरून गाडी सोडून दिली. उतार चांगला दीडशे पावलांचा. सरांनी तीन वेळा क्लच सोडला. तिन्ही वेळा इंजिन घुरघुरलं, जागं काही झालं नाही. शेवटी गाडी खाली घाटरस्त्याला येऊन सपाटीवर थांबली. वर वाडीत आता पाचसहा माणसं जमली होती आणि सगळी खाली बघत होती.

मंजुळा पिशवी घेऊन उतार उतरून आली. ती गाडीच्या जवळ आली, हँडलकडे बघितलं आणि विचारलं, "ते लाल बटण बंदच ठेवायचं असतं का?"

इंजिन बंद करायचं बटण ते. सरांनी तपासताना ते बंद केलं होतं आणि तसंच ठेवलं होतं. त्यांनी बटण चालू केलं. आयुष्यात इतकं हळू कुठलंच बटण त्यांनी दाबलं नसेल.

दहा वाजून गेले होते. मागे वाडीकडे गाडी चढवायची तर अर्धा तास गेला असता. पुढे रस्ता पन्नासेक पावलं सपाट होता आणि मग पोलादपूरच्या बाजूला चांगला उतरत होता. मंजुळाने पिशवी गळ्यात आडवी अडकवली.

"तुम्ही उतरा. मी बसते. तुम्ही ढकला."

"तू?"

"तुम्ही ब्याऐंशी किलो. मी ढकलून काय होणार हाय? गाडी हलकी पाहिजे."

"पण तुला चालवता कुठे येते?"

"येते की. लग्नाआधी माहेरी, आमच्या बुद्धरत्नदादाच्या गाडीवर शिकले होते. भात कापलं की शेतात फिरवायचो आम्ही."

"कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. तुम्ही म्हणालात, छान."

सर आठवत राहिले. छान म्हणणं त्यांच्या स्वभावात बसत होतं. ऐकणं बसत नव्हतं. "आणि लायसन?" त्यांनी विचारलं, कारण नियमाचा विषय काढला की त्यांना पाय टेकायला जागा मिळते.

"दीक्षाने काढलं तेव्हा मी पण काढलं ना. गियरचं."

त्या दिवशी आरटीओत मंजुळा मुलीला सोबत म्हणून गेली, अशी सरांची चार वर्षं समजूत होती. ते गाडीवरून उतरले. मंजुळाने साडी नीट खोचली, पाय टाकून बसली, आरसा स्वतःच्या उंचीला वळवला. हे आरसा वळवणं सरांना कुठेतरी लागलं.

तरी शेवटचा शब्द आपला असावा म्हणून ते म्हणाले, "हे बघ, लक्षात ठेव. एकदा सुरू झाली की थांबायचं नाही. रेस सोडायची नाही. काहीही झालं तरी बंद पडू द्यायची नाही. कळलं?"

"कळलं."

सरांनी ढकलायला सुरुवात केली. सपाटीची पन्नास पावलं ढकलताना त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. उतार लागला. गाडी पळायला लागली, सर मागून पळायला लागले. मंजुळाने क्लच सोडला, गाडीने एक गचका खाल्ला, भक्कन काळा धूर सरांच्या तोंडावर सोडला आणि सुरू झाली. पहिल्या झटक्यात.

वर वाडीतून कुणीतरी शिट्टी मारली. सर धापा टाकत उभे राहिले. त्यांचे दोन्ही हात अजून पुढेच होते. आता ती वळणावर थांबेल, आपण जाऊन मागे बसू, असं त्यांच्या मनात होतं. मंजुळाने वळणावर गाडी हळू केली खरी. इंजिनाचा आवाज खोल गेला, खोकल्यासारखं झालं. सर पळत निघाले. तेवढ्यात आवाज पुन्हा चढला, आणि गाडी वळणापलीकडे गेली. मग खालच्या वळणावरून आवाज आला. मग त्याच्या खालच्या. मग नुसता घाट राहिला.

"थांबली नाय का गो ती?" वरून दत्तारामांनी कुणाला तरी विचारलेलं सरांना ऐकू आलं.

सर रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. पहिल्यांदा त्यांना हसू आलं. चोवीस वर्षांच्या संसारात, सरांच्या हिशेबाने, मंजुळाने त्यांची एवढी एकच सूचना शब्दशः पाळली होती. मग शर्टाने तोंड पुसावं म्हणून त्यांनी हात वर नेला, आणि खिशात कागद कुरकुरला.

हॉल तिकीट.

त्यांनी फोन लावला. मंजुळाचा फोन वाजत राहिला. चालवताना ती उचलणार नव्हती, आणि उचलू नये हेही सरांनीच तिला सांगितलेलं असणार. त्यांनी पुन्हा लावला. मग ते उठून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, पण मधोमध उभं राहून अडवायला काही येतच नव्हतं. एक ट्रॅक्टर आला, तो वर जाणारा. वीस मिनिटांनी एक पिकअप उतरताना दिसला, मागे कोंबड्यांचे रिकामे पिंजरे. सर हात पसरून समोरच उभे राहिले. पिकअप करकचून थांबला.

"महाड," सर म्हणाले. "बायकोची परीक्षा आहे."

चालवणारा पंचविशीतला असेल. त्याने दार उघडलं. त्याचं नाव हर्षद. वरच्या वाडीच्या लग्नाला कोंबड्या पोचवून तो महाडच्या शेडवर परत चालला होता. मागची काच फुटलेली होती, आणि गाडीने वेग घेतला की पिंजऱ्यांमधली पिसं आत येत होती.

सरांनी त्याच्याकडे निरखून बघितलं. पोलादपूर तालुक्यात चाळिशीच्या आतलं कुणी भेटलं की तो आपला विद्यार्थी, असं ते धरूनच चालतात. "तू माझ्या हाताखालून गेलास ना? कुठली बॅच?"

"नाय सर. मी खेडचा."

"नाही, चेहरा ओळखीचा आहे."

"असेल. पण मी खेडलाच शिकलो. नववीपर्यंत." त्याने गियर बदलला. "परीक्षा बायकोची, मग तुम्ही का चाललात?"

सरांनी सांगितलं. अगदी लाल बटणापर्यंत सांगितलं, कारण मनात एवढं साठलं होतं की निवडून सांगायला जमलं नाही. हर्षद हसला नाही. ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाला, "म्हणजे वहिनींना पोचवायला तुम्ही, आणि तुम्हाला पोचवायला मी."

पोलादपुरात हर्षदला एका दुकानात दोन पिंजरे उतरवायचे होते. दुकानदाराने त्याच्याशी लग्नात किती माणूस होतं याच्या गप्पा काढल्या. सर गाडीत बसून घामाने निथळत होते. शेवटी न राहवून उतरले आणि शेजारच्या चहावाल्याला विचारलं, "एक बाई मोटरसायकलवर जाताना दिसली का?"

"गमरेबाई ना? गेल्या की मघाशी. मी हात केला, थांबल्या नाहीत. मला वाटलं घरात काही भानगड झाली." चहावाल्याने सरांकडे नीट बघितलं. "झाली का?"

पुढे हमरस्त्याला लागल्यावर सर प्रत्येक पुलाखाली, प्रत्येक वळणाला खाली वाकून बघत होते. कुठे गाडी आडवी पडलेली दिसते का. एके ठिकाणी कडेला मंजुळाच्या साडीसारखं निळं काहीतरी दिसलं आणि त्यांनी हर्षदला गाडी हळू करायला लावली. जवळ गेल्यावर ते ताडपत्रीचं बोचकं निघालं. हॉल तिकीट घामाने ओलं होऊ नये म्हणून त्यांनी ते खिशातून काढून हातात धरलं होतं, दोन बोटांच्या चिमटीत, आणि महाड येईपर्यंत तसंच धरलं.

कॉलेजच्या फाटकाशी पोचले तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. फाटक लोटलेलं. आत खुर्चीवर पहारेकरी. छातीवर बिल्ला होता, दीपक अशा नावाचा. सर पळत गेले आणि हॉल तिकीट गजांतून आत घातलं.

दीपकने कागद वाचला. "मंजुळा अरविंद गमरे. या तर आत गेल्यात. अकराला दहा कमी होते."

"हॉल तिकिटाशिवाय?"

"होतं की त्यांच्याकडे. हॉल तिकिटाशिवाय सोडतोय होय मी."

दीक्षाने आईला दोन प्रती काढून ठेवायला सांगितलं होतं. एक बाबांना द्यायला, म्हणजे त्यांना बरं वाटेल, आणि एक स्वतःच्या पिशवीत. हे सरांना संध्याकाळी दीक्षाकडूनच कळलं. तिला वाटलं बाबांना माहीत आहे.

"तुम्ही त्यांचे मिस्टर ना?" दीपक म्हणाला. "चावी ठेवलीय तुमच्यासाठी. गाडी मागच्या गल्लीत उतारावर लावलीय म्हणाल्या. आणि लाल बटण बघून घ्यायला सांगितलंय." त्याने चावी दिली, आणि द्यायला हात पुढे केला तेव्हा सरांच्या कानामागचं एक पांढरं पीस काढून बाजूला टाकलं. काही विचारलं नाही. चांगला माणूस.

गाडी गल्लीच्या वरच्या टोकाला, आंब्याच्या सावलीत, तोंड उताराकडे करून लावलेली होती. सरांनी पुढेमागे बघितलं. लाल बटण बघितलं, दोनदा. दुसरा गियर. गाडी सोडली, क्लच सोडला. पहिल्या फटक्यात सुरू झाली. गल्लीत बघायला एक माणूस नव्हता. फक्त एक कुत्रं होतं, तेही झोपलेलं.

बाजारापाशी गोमाजी मेस्त्रीचं गॅरेज आहे. गोमाजीने मीटर लावलं, मान हलवली. "गेलीय ही. दोन महिने तरी दम काढत असणार. आवाज बदलला नव्हता?"

"थोडासा," सर म्हणाले, आणि गाडी कुठून आली ते सांगितलं.

"आणि कशेडीच्या बाजूने आणलीत? मध्ये कुठे बंद न पाडता? हमरस्त्याला, नाक्यावर?" गोमाजीने पान्हा खाली ठेवला. "कोणी चालवली?"

इथे एक क्षण आला. सर आता सांगताना इथे थोडं थांबतात. गोमाजी त्यांना ओळखत नव्हता. मंजुळा तिकडे कॉलेजात पेपर लिहीत होती. "मी" हा शब्द ओठांवर आला होता. पण तो काही निघेना, आणि "बायकोने" हाही निघेना. सर म्हणाले, "आम्ही."

गोमाजीने सरांच्या मागे बघितलं, आणखी कोण आहे ते.

"म्हणजे बायकोने चालवली," सर म्हणाले. "मी धक्का दिला."

"बरं केलंत. धक्का देणारा पण लागतोच." सरांना बरं वाटलं. गोमाजी बॅटरी काढायला वाकला आणि पुढे म्हणाला, "तो काय, कोणी पण चालतो."

नवी बॅटरी बसवून सर चवदार तळ्याच्या काठावर जाऊन बसले. ऊन तापलं होतं, पण झाडाखाली बरं वाटत होतं. इतका वेळ एकटं, काही न सांगता बसायची त्यांना सवय नव्हती. त्यांना गेल्या वर्षीची एकोणीस तारीख आठवली, ते कुलूप, तो लसूण. आणि आणखी एक गोष्ट आठवली, जी त्यांनी पुढे पुष्कळ दिवस कुणाला सांगितली नाही. घाटात खिशातला कागद हाताला लागला तेव्हा ते घाबरले होते, हे खरं. पण त्या घाबरण्याच्या तळाशी थोडं बरंही वाटलं होतं. म्हणजे अजून तिचं आपल्यावाचून अडतंय. पिकअपमध्ये ते कागद चिमटीत धरून बसले होते ते काही नुसत्या काळजीने नाही. सर स्वतःशीच म्हणाले, अरविंदा, तू भलताच माणूस आहेस.

दोन वाजता मंजुळा बाहेर आली. बोटांना शाई. ते एका छोट्या खानावळीत गेले, कारण सकाळपासून दोघांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. मंजुळा आधी दोन ग्लास पाणी प्यायली.

सरांनी विचारायचं नाही ठरवलं होतं, पण विचारलंच. "थांबली का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात थांबायचं नाय."

"मी इंजिनाबद्दल म्हणत होतो."

मंजुळाने भाकरी मोडली. "वळणावर हळू केली होती. बंद पडायला लागली. आरशात तुम्ही दिसत होतात, पळत येताना. म्हटलं, तुम्हाला घेते तर गाडी बंद पडते, पुन्हा ढकलायला उतार किती राहिला काय माहीत. तुम्हाला बसवणं आणि पेपरला पोचणं, दोन्ही होणार नव्हतं." तिने तुकडा आमटीत बुडवला. "गेल्या वर्षी मी काही बोलले नव्हते. यंदा पण काही बोलायचं नव्हतं मला. म्हणून गेले."

सरांनी मान हलवली. समोरच्या ताटातला कांदा त्यांनी उगाच इकडचा तिकडे केला.

"पेपर कसा गेला?" ते म्हणाले.

"भाषेच्या पेपरात एक मोठा प्रश्न होता. तुमच्या भागातल्या बोलीची वैशिष्ट्यं लिहा. उदाहरणं द्या." मंजुळा हसली, पहिल्यांदाच. "सहा पानं लिहिली. नाय, हाय, होतंव, गो, रे. आमच्या आईची सगळी बोलणी घातली त्यात. दत्तारामकाकांची पण घातली. वेळ पुरला नाय, नाहीतर आणखी लिहिलं असतं."

तीच 'नाय' आणि 'हाय' सरांनी लग्न झाल्यापासून दुरुस्त केली होती. दीक्षा लहान असताना तर, मुलीच्या कानावर शुद्ध पडलं पाहिजे म्हणून, मंजुळाला ते रोज टोकायचे. आताही त्यांनी तोंड उघडलं, "पण प्रमाण भाषेत—" आणि मिटलं. "सहा पानं," ते म्हणाले. "मग तर चांगलंच झालं."

खानावळीतून बाहेर आल्यावर सरांनी आयुष्यातला एक मोठा निर्णय घेतला. ते गाडीजवळ गेले, चावी मंजुळापुढे धरली आणि म्हणाले, "घरी जाताना तूच चालव." शेजारून दोघंतिघं जात होते, त्यांनी ऐकलं तरी चालेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

"नको हो," मंजुळा म्हणाली. "हात भरून आलेत माझे. सव्वीस किलोमीटर रेस धरून आले, वर तीन तास लिहिलं. तुम्हीच चालवा."

असा तो मोठा निर्णय त्यांच्या हातात परत आला. सर पुढे बसले. महाड सोडून दहा मिनिटं झाली नाहीत तोच मंजुळाचं हेल्मेट त्यांच्या पाठीला टेकलं. ती झोपली होती. सरांनी गाडी चाळिसावर आणली. मागून ट्रकवाले हॉर्न मारून पुढे जात होते. पाठीचा कणा अवघडला, पण त्यांनी तो हलवला नाही. पोलादपूरच्या नाक्यावर सकाळच्या चहावाल्याने दोघांना बघितलं आणि निःश्वास टाकला.

निकाल जुलैच्या शेवटी लागला. मंजुळा पहिल्या वर्गात पास झाली, भाषेच्या पेपराला सगळ्यात जास्त गुण. वाडीने समाजमंदिरात छोटासा कार्यक्रम ठेवला. दीक्षा पनवेलहून आली. दत्तारामांनी नारळ आणला. सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. सरांनी वीस मिनिटांचं भाषण तयार केलं. त्यात शिक्षणाचं महत्त्व होतं, स्त्रियांचं महत्त्व होतं, आणि शेवटी, अगदी थोडक्यात, त्या सकाळची गोष्ट होती. धक्का कसा द्यावा लागला, सपाटीची पन्नास पावलं किती अवघड होती, असं.

पण माईक आधी मंजुळाकडे गेला. तिने चार मिनिटांत सगळं सांगितलं. पहिला गियर, लाल बटण, वळण, पीस. पिसाचं तिला पहारेकऱ्याने सांगितलं होतं. सगळी वाडी हसून हसून लोळली. दत्ताराम तर डोळे पुसत होते. मग म्हणाली, "धक्का मात्र सरांनीच दिला. जोरात दिला," आणि बसली.

माईक सरांकडे आला. त्यांनी खिशातून भाषणाचे कागद काढले, बघितले. बोलायला काही उरलंच नव्हतं. जे होतं ते मंजुळाने सांगून टाकलं होतं, आणि बरं सांगितलं होतं.

सर म्हणाले, "चहा तयार आहे. बसून घ्या."